मनुष्याची नोंद कोणत्या दप्तरी?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा ठपका आपल्याकडे ज्या विद्यार्थ्यावर वडीलधाऱ्यांकडून ठेवला जातो, तो विद्यार्थी पुष्कळदा आळशी किंवा चंचल नसतो. त्याचे कुतूहल विद्यापीठाने आखून दिलेल्या हद्दीत मावत नाही, एवढाच त्याचा अपराध असतो. अनुवंशशास्त्राच्या तासाला बसले असता ज्याच्या मनात सोयरीक जुळवण्याचे नियम येतात, आणि समाजशास्त्राचा ग्रंथ वाचताना ज्याला अन्नाची, रोगाची व पर्जन्यमानाची आठवण होते, अशा विद्यार्थ्याचा अर्ज कोणत्या खात्याने स्वीकारावा याची तजवीज फार थोड्या विद्यापीठांनी केलेली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ती १९७०च्या सुमारास ‘ह्यूमन सायन्सेस’ या नावाने केली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारे, आणि त्याबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले निको टिनबर्गेन हे या अभ्यासक्रमाच्या पुरस्कर्त्यांत होते. तीन वर्षांच्या या पदवीत विद्यार्थ्याला शरीररचना, अनुवंश व उत्क्रांती शिकावी लागते. त्यासोबतच मानवशास्त्र, समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि मनुष्य व त्याचा परिसर यांच्या संबंधाचे शास्त्रही शिकावे लागते. या सर्वांच्या मुळाशी संख्याशास्त्राची शिस्त असते, आणि अखेरीस स्वतः निवडलेल्या एका विषयावर प्रबंध लिहून विद्यार्थ्याला हे सारे आपल्या बुद्धीने एकत्र आणून दाखवावे लागते.

या पदवीच्या बाबतीत विद्यापीठांच्या दप्तरात एक मौजेची विसंगती आढळते. ऑक्सफर्ड तिला बी.ए. म्हणते, तर लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज त्याच नावाच्या अभ्यासक्रमाला बी.एस्‌सी. ठरवते. कारकुनाच्या दृष्टीने हा केवळ वहिवाटीतला फरक. पण ज्याला विचार करण्याची सवय आहे त्याला या दोन सनदांच्या मधोमध एक जुना आणि कठीण प्रश्न उभा असलेला दिसतो. मनुष्य हा सृष्टीतल्या इतर पदार्थांसारखाच कार्यकारणाच्या साखळीत बांधलेला एक पदार्थ आहे, की ज्याला सृष्टीचा अर्थ लागतो आणि जो स्वतःच्या कृतीला अर्थ देतो असा एक निराळाच पुरुष आहे? विल्हेल्म डिल्टाय या जर्मन तत्त्वज्ञाने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानव्यविद्यांना निसर्गविज्ञानांपासून वेगळा पाया देण्याचा यत्न केला, आणि पुढे त्याने असा पक्ष मांडला की निसर्गाचे आपण स्पष्टीकरण करतो, परंतु मनुष्याच्या आंतरिक जीवनाचे आपल्याला आकलन व्हावे लागते. ही वाटणी इतकी सोयीची ठरली की विद्यापीठांनी तिच्यावर इमारती बांधल्या. १९५९ साली सी. पी. स्नो यांनी केंब्रिजच्या व्याख्यानात साहित्यिक आणि वैज्ञानिक या दोन पंथांतल्या परस्पर अज्ञानाची फिर्याद मांडली, तेव्हा त्या इमारतींमधला रस्ता बंद होऊन बराच काळ लोटला होता.

अशा स्थितीत दोन्ही इमारतींतून एकाच विद्यार्थ्याला फिरवणाऱ्या अभ्यासक्रमावर दोन आक्षेप येतात. पहिला व्यावहारिक आहे: सगळ्याचे थोडे थोडे जाणणारा कशातच प्रवीण होत नाही. याचे उत्तर तितकेच व्यावहारिक आहे. एकवीस-बावीस वर्षांच्या वयात प्रावीण्य कोणालाच येत नसते, ते पुढच्या काळात मिळवायचे असते, आणि कोणत्या विषयात ते मिळवावे हे ठरवण्यासाठी आधी प्रदेश पाहिलेला असणे हिताचेच असते. दुसरा आक्षेप मात्र तात्त्विक आहे आणि त्याला असे वाटेला लावता येत नाही. अनेक शास्त्रांनी मनुष्याची केलेली अनेक वर्णने एकापुढे एक मांडली म्हणून त्यांच्या बेरजेतून मनुष्य प्रकट होतो काय? पेशीचे ज्ञान, कुळाचे ज्ञान, जन्ममृत्यूच्या नोंदींचे ज्ञान, ही सारी ज्ञाने मनुष्याविषयीची असली तरी ज्याला ‘मी’ म्हणतात तो त्यांत कोठेच सापडत नसेल, तर या पदवीने समग्रतेचा जो दावा केलेला दिसतो तो पोकळ ठरणार नाही काय?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी, शास्त्रे एकत्र आली की प्रत्यक्षात काय घडते याचा एक दाखला तपशिलाने पाहणे इष्ट होईल. सिकलसेल या रक्तदोषाची कथा १९४९ साली नव्या वळणावर आली. त्या वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, या रोगात रक्तातील हिमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो हे सिद्ध केले. ऑक्सफर्डमधील ह्यूमन सायन्सेसचे केंद्र आज पॉलिंग यांचेच नाव धारण करते. पुढे काही वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवले की हा सारा उत्पात त्या रेणूच्या साखळीतील एका घटकाच्या जागी दुसरा आल्याने घडतो. येथे रसायनशास्त्राचे काम पूर्ण झाले. परंतु जो दोष आईबाप दोघांकडून आला असता मुलाला बालपणीच मृत्यूच्या दारात नेतो, तो दोष आफ्रिकेतील काही लोकसमूहांत इतक्या मोठ्या प्रमाणात टिकून कसा राहिला, या प्रश्नाला रसायनशास्त्रापाशी उत्तर नव्हते. केनियात वाढलेले आणि ऑक्सफर्डमध्ये वैद्यक शिकणारे अँथनी ॲलिसन यांच्या ध्यानात आले की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हा दोष पुष्कळ आढळतो, उंचावरच्या थंड मुलखात मात्र क्वचितच. आणि हिवतापाचा अंमलही नेमका तसाच पसरलेला आहे. १९५४ साली त्यांनी पुराव्यानिशी मांडले की ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो, त्याला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. एकाचे मरण ज्यामुळे ओढवते त्याच बीजामुळे दुसऱ्याचे प्राण वाचतात, हा निसर्गाचा हिशेब असा उघड झाला.

पण हिवताप तरी तेथे इतका का माजला? या ठिकाणी जीवशास्त्राची हद्द संपते आणि मनुष्याच्या उद्योगाचा इतिहास सुरू होतो. मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंग्स्टन यांनी १९५८ साली असे प्रतिपादन केले की पश्चिम आफ्रिकेत शेतीचा प्रसार झाला, तेव्हा राने तोडून जमीन मोकळी करण्यात आली. घनदाट रानाच्या सावलीत ज्या डासांची पैदास होत नव्हती त्यांना उन्हात साठलेली डबकी मिळाली, वस्ती दाट झाली, हिवतापाने मुक्काम ठोकला आणि मग हे बीज वंशात टिकून वाढले. म्हणजे जे आज एका मुलाच्या रक्तात रेणूच्या रूपाने दिसते, ते त्याच्या पूर्वजांनी चालवलेल्या कुऱ्हाडीचाही परिणाम आहे. कर्माचे फळ पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागते ही आपल्याकडची समजूत ज्यांना केवळ भाबडी वाटते, त्यांनी या शोधापाशी थोडे थांबावे. मात्र ज्यांना त्या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला असे वाटून आनंद होईल त्यांनीही थांबावे, कारण येथे फळ भोगणाऱ्या मुलाचा कोणताही अपराध नाही आणि रान तोडणाऱ्यानेही पोट भरण्याखेरीज दुसरे काही केलेले नाही.

या दाखल्यातून एक गोष्ट अशी निष्पन्न होते की शास्त्रांची जी उतरंड आपण मनात कल्पिलेली असते, म्हणजे तळाशी भौतिक, त्यावर जैविक, त्यावर सामाजिक आणि सर्वांवर आध्यात्मिक, ती उतरंड वास्तवात नाही. रेणूपासून समाजाकडे जसा कारणांचा ओघ जातो, तसाच समाजापासून रेणूकडेही येतो. आणि ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे जातो तेव्हा आपण शिकलेल्या विद्यांची यादी सांगतो. चार वेद, इतिहासपुराणे, व्याकरण, गणित, तर्क, शस्त्रविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्या अशी ती यादी इतकी लांब आहे की आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या कुलसचिवाने तिच्यापुढे मान लववावी. एवढे शिकूनही आपण मंत्र जाणणारे झालो, आत्मा जाणणारे झालो नाही आणि म्हणून शोकात आहोत, ही नारदाची कबुली प्रवचनांतून वारंवार सांगितली जाते. परंतु प्रवचनकार ज्या भागावरून लगबगीने पुढे जातात तो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सनत्कुमार नारदाच्या विद्या फेकून देत नाहीत. ते ‘नाम’ म्हणजे त्याने शिकलेल्या शब्दापासूनच आरंभ करतात आणि त्याहून मोठे काय, त्याहून मोठे काय, असे नारद विचारत जातो तसतसे त्याला वर नेतात. वाणी, मन, संकल्प, चित्त, ध्यान, विज्ञान असा क्रम लागल्यावर वाचकाची अपेक्षा असते की आता आणखी सूक्ष्म असे काही येईल; तो येथे चकित होतो, कारण विज्ञानाच्या वर बल येते, बलाच्या वर अन्न येते, अन्नाच्या वर पाणी येते. दहा दिवस जो जेवला नाही तो जगला तरी त्याला ऐकणे, विचार करणे, जाणणे जमत नाही, असे कारणही ऋषी तेथे देतो. ज्या ग्रंथाला आपण शुद्ध अध्यात्माचा ग्रंथ म्हणतो त्याने ध्यानाहून भाकरीला वरची पायरी द्यावी आणि त्याबद्दल जराही संकोचू नये, हे आपण पुरते ध्यानात घेतलेले नाही.

त्या संवादाच्या अखेरीस सनत्कुमार ‘भूमा’ म्हणून ज्याचा निर्देश करतात, ते समग्र आहे, अमर्याद आहे. पण ती पायऱ्यांच्या मालिकेतली शेवटची पायरी नव्हे. कोणतीही एक पायरी, मग ती कितीही वरची असो, अल्पच ठरते. मला वाटते, दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. अनेक शास्त्रांच्या बेरजेतून समग्र मनुष्य हाती येत नाही, हे आक्षेपकाचे म्हणणे खरेच आहे. परंतु त्यावरून शास्त्रे एकत्र शिकणे व्यर्थ ठरत नाही. समग्र हे ज्ञानाचे फलित म्हणून मिळत नसेल, तरी ज्ञानाची मर्यादा दाखवणारा निकष म्हणून त्याची गरज उरतेच. ज्याला एकच शास्त्र येते त्याला आपल्या शास्त्राचा काठ दिसत नाही. दुसऱ्या शास्त्राच्या भूमीवर उभे राहिल्यावरच पहिल्याचा काठ दिसतो.

टिनबर्गेन यांच्याच विचारातून हे अधिक उलगडेल. १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात त्यांनी सांगितले की कोणत्याही वर्तनाविषयी ‘का’ असे विचारताना आपण चार निरनिराळे प्रश्न विचारत असतो: ते या क्षणी कशामुळे घडते, व्यक्तीच्या वाढीत ते कसे आले, जगण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कसे उद्भवले. या चौकटीत एकादशीचा उपवास करणारी एखादी वृद्ध स्त्री बसवून पाहावी. तिच्या भुकेचे नियमन करणारी अंतःस्रावांची यंत्रणा सांगता येईल. लहानपणी आजीच्या मांडीवर तिने हे व्रत कसे उचलले तेही सांगता येईल. उपाशी राहण्याची शक्ती व समूहाच्या नियमाला बांधून घेण्याची वृत्ती मनुष्यजातीत कशी उपजली आणि तिचा उपयोग काय झाला असेल, याचीही सयुक्तिक मीमांसा करता येईल. चारही उत्तरे खरी असतील, आणि ती ऐकून ती स्त्री मान डोलावून म्हणेल, ‘असेल बाबा तसेही, पण मी उपवास करते तो विठ्ठलासाठी.’ हे पाचवे उत्तर आधीच्या चारांपैकी एकालाही खोटे ठरवत नाही, आणि आधीची चारही मिळून त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याने चारच शिकली तो या स्त्रीला अज्ञानी म्हणेल. ज्याने पाचवेच जाणले तो शास्त्राला नास्तिक म्हणेल. पाचही मनात एकत्र धरून ठेवण्याची सवय ज्या शिक्षणाने लागते, त्याला मी सुशिक्षितपणाचा आरंभ म्हणेन.

ही सवय न लागल्याची किंमत केवळ बौद्धिक नसते. सर हर्बर्ट रिस्ली यांनी हिंदुस्थानात नाकांची मापे घेतली आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची सामाजिक पायरी सांगता येते असा सिद्धान्त मांडला. तेच १९०१च्या खानेसुमारीचे प्रमुख झाले, आणि मोजपट्टीचा कल्पनाविलास सरकारी दप्तरात शिरला. बर्लिनमध्ये १९२७ साली स्थापन झालेल्या मानवशास्त्र व अनुवंश यांच्या संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांचे ‘शास्त्र’ पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक कायद्यांच्या सेवेला रुजू झाले. या दोघांपाशी मापे होती, पद्धती होती, मान्यता होती. नव्हता तो आपल्या मोजपट्टीबाहेरही मनुष्य उरतो याचा बोध.

याच फिशर यांच्या हाताखाली १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक मराठी विद्यार्थिनी मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा अभ्यास करत होती. वंशावंशांत अशा विषमतेचा फरक असावा ही गुरूंची अपेक्षा. इरावती कर्वे यांच्या मोजमापांतून ती सिद्ध झाली नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जे कार्य केले, ते पाहता ऑक्सफर्डने ज्याचा अभ्यासक्रम आखला ते त्यांनी आधीच एकटीने आचरले होते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्यांनी शरीरमापे घेतली, रक्तगट तपासले, उत्खननात निघालेल्या मानवी अवशेषांचा अभ्यास केला, संस्कृत ग्रंथांतून नातेसंबंधांचे शब्द वेचले, जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, आणि ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहिले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांच्या ग्रंथात उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी घरी दिली जाते आणि दक्षिणेत ती बहुधा नात्यातच, मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते, या भेदाची साधार मांडणी आहे. तीस वर्षांनी, १९८३ साली, टिम डायसन व मिक मूर या अभ्यासकांनी भारतातल्या प्रदेशाप्रदेशांतील जन्ममृत्यूचे प्रमाण आणि मुलींची हेळसांड यांची कारणे शोधताना आप्तसंबंधांच्या याच भेदाचा आधार घेतला. सासर परके असणे आणि लहानग्या मुलीचे जगणे-मरणे यांचा संबंध ना केवळ वैद्यकाला दिसला असता, ना केवळ व्याकरणाला.

तथापि इरावतीबाईंचा अधिक मोठा धडा त्यांच्या वारीवरच्या लेखात आहे, ज्याचे इंग्रजी रूप १९६२ साली अमेरिकेतील एका विद्वत्‌पत्रिकेत आले. दिंडीत चालणारी संशोधक आणि दिंडीत चालणारी बाई अशी दोन माणसे त्या लेखात नाहीत. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा यांच्या पंगती निराळ्या बसतात, ही गोष्ट त्या समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने टिपतात, आणि तीच गोष्ट त्यांना दुखवतेही. ते दुःख बाजूला ठेवले असते तर निरीक्षण अधिक शुद्ध झाले असते, असे ज्याला वाटेल त्याने मानवविज्ञानाचे मर्म ओळखलेले नाही. दगडाचा अभ्यास करणारा दगड नसतो. मनुष्याचा अभ्यास करणारा मात्र मनुष्यच असतो, आणि आपल्या विषयाविषयी तो जे म्हणेल ते त्याला स्वतःलाही लागू पडते. द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक करण्यास वेदान्ताने सांगितले ते योग्यच. परंतु ज्या विद्येत दोघे एकाच आसनावर बसलेले असतात तिच्यात विवेकाचा अर्थ तुटकपणा असा होऊ शकत नाही. त्या विद्येत प्रामाणिकपणा हीच वस्तुनिष्ठा होय.

हे सारे दूरच्या विद्यापीठांपुरते किंवा गतकाळापुरते आहे असेही कोणी समजू नये. सिकलसेलचे बीज १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत आढळले, आणि आज आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी घरांत ते परिचित दुःख आहे. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. रक्ततपासणीनंतर माणसाला कार्ड मिळते आणि विवाहापूर्वी कार्डे पाहून सल्ला दिला जातो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला चारांत एक या प्रमाणात रोग होण्याचा संभव असतो, हे गणित निर्विवाद आहे. पण ते कार्ड ज्या मुलीच्या हाती पडते ती गणितात राहत नाही. ती गावात राहते, जेथे सोयरिकीचे नियम आहेत, कुजबुज आहे, आणि वाहक व रुग्ण यांतला फरक न कळणारे शेजारीही आहेत. तिला सल्ला देणाऱ्याला केवळ अनुवंशशास्त्र येत असेल तर तो तिला खरे सांगूनही दुखावेल, आणि केवळ सहानुभूती येत असेल तर तिला सुखावूनही फसवील.

आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय पदवीला मुभा दिली आहे, आणि आता महाविद्यालयांतून विषयांच्या टोपल्या मांडल्या जात आहेत. एका टोपलीतून दोन श्रेयांक आणि दुसरीतून चार उचलले म्हणजे काम झाले, असे समजण्याचा धोका स्पष्ट दिसतो. तसे झाले तर चिंध्यांचा ठपका खरा ठरेल आणि तो ठरवण्याचे पाप विद्यार्थ्यांचे नसेल. शास्त्रे शेजारी ठेवणे निराळे आणि त्यांना एका प्रश्नापुढे उभे करून एकमेकांची साक्ष तपासायला लावणे निराळे. विद्यापीठांना माझे सांगणे एवढेच आहे की विषयांची संख्या वाढवण्याआधी त्यांनी असा प्रश्न निवडावा, ज्याचे उत्तर एका खात्यात मिळत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याने अशी पदवी घ्यायचे मनात धरले आहे त्याने घरच्यांना निःशंकपणे सांगावे, की मनुष्याविषयीचे कोणतेही एकच शास्त्र अंतिम मानणे हा केवळ बुद्धीचा दोष नाही. तो नीतीचाही दोष आहे, आणि तो आपल्या हातून होऊ नये म्हणूनच ही विद्या शिकायची आहे.